कोसबादची टेकडी आणि पोहरादेवीचा तांडा



पोहरादेवीला लोक येतात ते बहुधा रामनवमीला. आम्ही आडदिवशी आलो, ते बरंच झालं म्हणायचं. यात्रेच्या गर्दीत, नंगाऱ्याच्या आवाजात बालवाडीवरचं व्याख्यान कोण ऐकणार? सकाळी चहा घेताना तांड्यातल्या एका कारभाऱ्यांनी आम्हाला विचारलं, "सर, त्यात बोलायचं काय असतं? पोरं जातात, दोन गाणी म्हणतात, खिचडी खातात, घरी येतात." प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नाला उत्तर आहे असं समजा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बालशिक्षणावरची भाषणं म्हणजे बहुतेक वेळा आरती असते. मूल म्हणजे फूल, शिक्षिका म्हणजे आई, टाळ्या, हार, संपलं. आम्ही स्वतः अशी भाषणं केलेली आहेत, म्हणून हक्काने बोलतो. आज आरती नाही. महाराष्ट्रात बालशिक्षणाची जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो, म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची, तिचं आपण पुढं काय केलं, आणि त्या परंपरेत मुळातच काय अपुरं राहिलं, ते तपासायचं आहे. आणि तपासायचं ते इथून, तांड्यातून.

सुरुवात थोडी लांबून करू. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या माणसाने १८३७ साली लहान मुलांसाठी एक शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं 'किंडरगार्टन', मुलांची बाग. आता ऐका. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली. तीन-चार वर्षांची पोरं लोकरीच्या रंगीत चेंडूंशी खेळतात, त्याची सरकारला भीती वाटली! फ्रोबेलचा पुतण्या कार्ल जहाल मतांचा, त्याच्याशी काकांची गल्लत झाली असंही सांगतात. बंदी उठली १८६० मध्ये; फ्रोबेल १८५२ लाच गेले होते. बालवाडी म्हणजे पोरखेळ असं म्हणणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट नेहमी सांगतो. तीन वर्षांच्या मुलाला कसं वागवायचं, हा सत्तेचाही प्रश्न असतो.

मारिया माँटेसरींचंही तसंच. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. आई-बाप कामावर, पोरं जिन्यात मोकाट, म्हणून ते निघालं. आणि आज आपल्याकडे माँटेसरी हा शब्द कोणत्या इमारतीवर दिसतो? जिथं फी भरताना बापाचा हात थरथरतो तिथं. गरिबाच्या पोरासाठी निघालेली गोष्ट श्रीमंताच्या दारात जाऊन बसली. हे पुन्हा पुन्हा होतं, म्हणून लक्षात ठेवा.

आता ताराबाई. त्यांचा आपल्या वऱ्हाडाशी संबंध आहे. लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत होत्या. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईंनी तिथं १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलेलं होतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे दादरला शिशुविहार झालं. इथवरची कहाणी शहरातल्या शिकलेल्या घरांची. ताराबाईंचं मोठेपण आम्हाला दिसतं ते यानंतर, कारण स्वतःच्या यशाविषयी त्यांना शंका आली. ही पद्धत पैसेवाल्याच्या मुलापुरतीच राहणार असेल तर ती शिक्षणपद्धती कसली? म्हणून १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. अनुताई तिथं त्यांना येऊन मिळाल्या. डहाणू तालुक्यातलं ते गाव, आता पालघर जिल्ह्यात आहे.

बोर्डीत काय झालं? बालवाडी उघडली, आणि ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं आलीच नाहीत. दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची मुलं आलीच नाहीत. आता इथं तुम्ही-आम्ही काय केलं असतं? अहवालात लिहिलं असतं की पालकांमध्ये जागृती नाही. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत नेली. झाडाखाली, कोणाच्या अंगणात. पोरं तिथंच होती, कोंबड्यांच्या मागं पळत. त्यांना अंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले, मग गाणी, गोष्टी, खडे, पानं, बिया, माती. महागड्या लाकडी साधनांच्या जागी चिंचोके आले. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. मोठी पोरं गुरांमागे कुरणात जात होती, तर शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि तिथं विकासवाडी उभी राहिली.

यातली खरी क्रांती अंघोळीत नाही, गाण्यातही नाही. मूल शाळेत येत नसेल तर चूक शाळेची, हे त्यांनी मानलं आणि त्याप्रमाणे पाय उचलले. आम्हाला विचाराल तर गेल्या शंभर वर्षांत मराठी शिक्षणविचारात याहून मोठं वाक्य कोणी कृतीत आणलेलं नाही.

आणि मग, मंडळी, २ ऑक्टोबर १९७५ आला. केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणात वापरात आलेला शब्द दिल्लीला गेला. ताराबाई १९७३ मध्येच वारल्या होत्या. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. जगात इतकी मोठी व्यवस्था क्वचितच असेल. हे लहान काम नाही, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पोषण, लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, यानं पोरं जगली आहेत. आणि आधी पोर जगलं पाहिजे, मग शिकलं पाहिजे.

पण शब्द गेला आणि अंगण मागेच राहिलं. योजनेत सहा सेवा आहेत. त्यातली एक शालापूर्व शिक्षणाची. बाकीच्या सेवा मोजता येतात: वजन किलोत, उंची सेंटिमीटरात, लस तारखेत, आहार पाकिटात. जे मोजलं जातं ते केलं जातं, हा कचेरीचा नियम आहे. तीन वर्षांच्या पोरीने आज पहिल्यांदा स्वतःहून गोष्ट सांगितली, हे कोणत्या रकान्यात भरणार? आधी रजिस्टरं होती, आता मोबाइलवर पोषण ट्रॅकर आहे. सेविकाताईंचा सकाळचा वेळ रेंज शोधण्यात जातो. आम्ही एका तांड्यात गेलो होतो, नाव सांगत नाही; ताई छपराच्या कोपऱ्यात हात उंच करून उभ्या होत्या, फोटो चढत नव्हता. पोरं खाली बसून त्यांच्याकडे बघत होती. तो त्या दिवशीचा पाठ. हसू नका, पोरांनी दुसऱ्या दिवशी तसाच खेळ मांडला होता. एक पोरगी विटेचा तुकडा हातात धरून म्हणे, "येत नाही, येत नाही, थांबा."

तर पहिली टीका ही. दुसरी टीका आम्हाला थोडी जपून करावी लागते, कारण ती थेट कोसबादवर जाते. अनुताई बालविधवा. शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि सगळं आयुष्य त्या टेकडीला दिलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. त्यांच्याविषयी आदर नाही असा माणूस आम्हाला भेटलेला नाही. पण असामान्य माणसांनी उभं केलेल्या कामात एक धोका असतो. त्यांचा त्याग हाच त्या कामाचा दर ठरतो. बालवाडी म्हणजे सेवा, सेवेला मोल नसतं, हे गोड वाक्य कधी सरकारी हिशेबात शिरलं ते कळलंच नाही. म्हणून आज अंगणवाडीतल्या बाईला 'सेविका' म्हणतात, 'शिक्षिका' म्हणत नाहीत. तिला पगार नसतो, 'मानधन' असतं. ग्रॅच्युइटी मिळण्याचा तिला हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातल्याच शहाण्यांनी विचारलं, "मुलांचं काय?" हा प्रश्न रोज का विचारला जात नाही हो?

एखाद्या गोष्टीचं मोल किती मानता ते त्याला काय देता यावरून कळतं. तांड्यातल्या बाजारात हे कोणालाही पटेल.

आता कोणी म्हणेल, या बालवाडीने खरंच काही होतं का, की नुसती हौस? परदेशातली दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही सांगतो, कारण लोक एकच सांगतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं. निम्म्यांच्या जवळपास मुलांना बालशाळा मिळाली, बाकीच्यांना नाही. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत अभ्यासकांनी त्यांचा माग ठेवला. बुद्ध्यांकात जो फरक पडला होता तो थोड्या वर्षांत विरून गेला. सगळे म्हणाले, फुकट गेलं. पण ती मुलं मोठी झाल्यावर दिसलं की बालशाळेत गेलेल्यांचं शिक्षण जास्त पूर्ण झालं, कमाई जास्त, तुरुंगाची वाट कमी. इथवर सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत की तिथं पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित, नीट पगार घेणारी शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जात होती.

दुसरं उदाहरण टेनेसी राज्याचं. तिथं सरकारने गरीब मुलांसाठी मोठ्या प्रमाणावर बालवर्ग चालवले. २०२२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवर्गात गेलेली मुलं सहावीत पोचली तेव्हा न गेलेल्यांपेक्षा मागे होती, वर्गातल्या वागण्याच्या तक्रारीही जास्त. म्हणजे वाईट बालवाडी ही बालवाडी नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. हे ऐकायला कडू लागतं, पण आमच्यासारख्यांनी ते आधी ऐकलं पाहिजे.

जवळचं हवं असेल तर तमिळनाडू घ्या. तिथल्या अंगणवाड्यांत प्रयोग म्हणून अर्धवेळ एक जादा बाई दिली, फक्त शिकवण्यासाठी. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं. आणि गंमत म्हणजे खुजेपणही कमी झालं, कारण पहिल्या ताईंना पोषणाकडे बघायला उसंत मिळाली. एक माणूस वाढवला, एवढंच.

आता तुमच्या दारात येणाऱ्या पिवळ्या गाडीविषयी. ती सकाळी तांड्यात येते, टाय लावलेली तीन वर्षांची पोरं भरते आणि नर्सरीला नेते. एलकेजी, यूकेजी. सोयाबीन विकलं की फीचा हप्ता. शहरात बसून या पालकांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्ही ठेवणार नाही. ज्या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारून ठेवला, ज्याचं लदेणीचं काम, बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहण्याचं, रेल्वे आणि सडकेने बुडवलं, त्या समाजातल्या बापाला इंग्रजी म्हणजे सुटकेचा दरवाजा वाटला तर त्यात चूक काय? याच समाजातून, इथून जवळच्या गहुलीतून निघालेला माणूस ११ वर्षं राज्याचा मुख्यमंत्री होता. शिक्षणाने काय होतं ते तांड्याला कोणी शिकवायला नको.

आमची तक्रार आहे ती त्या नर्सरीत जे चालतं त्याबद्दल. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची, बोटांची हाडं आणि स्नायू अजून तयार व्हायचे असतात. त्याला चार रेघांत एबीसीडी गिरवायला लावणं म्हणजे कवळ्या वासराच्या मानेवर जू ठेवणं. आपल्याकडे कोणी ठेवतं का? माती मळणं, दोऱ्यात मणी ओवणं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं, यातून बोट तयार होतं. मग पेन्सिल आपोआप धरली जाते. ताराबाई हेच सांगत होत्या. पण मातीत खेळलेलं पोर घरी येतं तेव्हा बापाला वाटतं पैसे बुडाले, आणि पान भरून आणलं की वाटतं वसूल झाले. शाळावालेही हे ओळखून आहेत. मग अंगणवाडीही नर्सरीची नक्कल करायला लागते, नाहीतर पटावरची पोरं जातात. दोन्हीकडे खेळ संपला.

भाषेचं तर विचारूच नका. एका अंगणवाडीत चित्राचा तक्ता होता. ताईंनी पोळीवर बोट ठेवलं, हे काय? एक पोरगं ओरडलं, "बाटी!" ताई तांड्यातल्याच, घरी गोरबोलीच बोलणाऱ्या. त्यांनी क्षणभर आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोळी म्हण, पोळी." पाहुणे नसते तर त्या असं बोलल्या नसत्या, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. ते पोर पुन्हा तासभर बोललं नाही. याडीकडून मिळालेला शब्द चुकीचा असतो, हे त्याला पहिल्या वर्षीच समजलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की लहान मुलांना शक्य तिथं घरच्या भाषेत शिकवा. कागद चांगला आहे. पण गोरबोलीतली गोष्टींची, गाण्यांची, चित्रांची पुस्तकं त्या तक्त्याशेजारी आहेत कुठं? इथं पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचं देखणं विरासत संग्रहालय २०२४ मध्ये सुरू झालं. आम्हाला आनंद आहे. मात्र भाषा काचेच्या कपाटात टिकत नाही, ती तीन वर्षांच्या तोंडात टिकते. बाटीला बाटी म्हणू द्या, मग शेजारी पोळी ठेवा, पुढे ब्रेडही येईल. पोर तीन भाषा सहज पेलतं. पहिलीची लाज वाटायला लागली की दुसरीही नीट येत नाही.

मघाशी फ्रोबेलच्या रंगीत चेंडूंचं बोललो. त्याने मुलांसाठी अशा वस्तूंचे संच केले होते, त्यांना तो 'भेटी' म्हणायचा. शिवाय टाके घालणं, विणणं, कागद दुमडणं असे उद्योग. आता तांड्यातल्या आजीची शिवणाची पिशवी उघडा. कवड्या, आरसे, रंगीत दोरे, मणी. दोन कवड्या, एक आरसा, पुन्हा दोन कवड्या. टाके मोजायचे, नक्षी उलटी फिरवायची, दोन्ही बाजू सारख्या आणायच्या. हे गणित आहे, मंडळी, आणि भूमितीही. जर्मनीहून आणायची गरज नव्हती. आम्ही एका ताईंना सुचवलं की आठवड्यातून एकदा आजीला बोलवा. त्या म्हणाल्या, "सर, कवडी गिळली म्हणजे? जबाबदारी कोणाची?" आम्ही गप्प. त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनीच तोड काढली: मोठ्या आकाराचे लाकडी मणी, आणि कवड्या चार वर्षांवरच्यांनाच, तेही आजीच्या मांडीला मांडी लावून. आमच्यासारखे व्याख्याते कल्पना देतात, खोकला थांबवायची पाळी ताईंवर येते.

कोसबादकडे पुन्हा जायचं ते कुरणशाळेसाठी. दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीला, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. लहान पोर मागे कोणाजवळ ठेवणार? ते फडात येतं, उसाच्या पाचटावर झोपतं. अंगणवाडी मात्र तांड्यातच, कुलूप नाहीतर चार पोरं. साखरशाळा निघाल्या, त्यांनी मोठ्या मुलांसाठी धडपड केली. पण तीन ते सहाचं पोर कोणाच्या यादीत? कायदाही त्याला नीट धरत नाही. मूळ घटनेत कलम ४५ प्रमाणे १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचा उल्लेख होता. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने ६ ते १४ हा मूलभूत हक्क झाला, आणि सहाच्या आतलं मूल राज्याने 'प्रयत्न करावा' या सदरात राहिलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही त्याच्यासाठी सरकार 'व्यवस्था करू शकेल' एवढंच आहे. करेलच, असं नाही.

ताराबाई त्या काळात गुरांमागे शाळा नेऊ शकल्या. कारखान्याच्या गाडीतळावर एक सेविका, एक मदतनीस, चार महिने, तांड्यातलीच, गोरबोली बोलणारी, कोयत्याबरोबर जाणारी आणि पूर्ण पगार घेणारी, हे अशक्य आहे असं आम्हाला कोणी पटवून दिलेलं नाही. जो समाज शतकानुशतकं घरदार बैलावर घालून चालत होता, त्याच्या पोरांच्या शाळेनं जागेवरून हलू नये, हे जरा विचित्रच आहे.

सकाळचे कारभारी तिथं मागे बसलेत. दादा, तुम्ही म्हणालात, पोरं दोन गाणी म्हणतात आणि खिचडी खातात. आमची विनंती एवढीच, उद्या जाऊन बघा, गाणी कोणत्या भाषेत म्हणतात. आणि जमलं तर तिथंच थोडं बसा. ताईंच्या मोबाइलला रेंज येईपर्यंत पोरांना कोणीतरी गोष्ट सांगायला पाहिजे.

आता प्रश्न विचारा. आधी बायांना विचारू द्या.